पॅनल ड्रायव्हरचा अख्खा रिफॅक्टर एका पॅचमधे पाठवला, आता "तुकडे करा" म्हणतायत. कसे करू?

अजिंक्यतारा_९८

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

लिनक्स कर्नलमधे डीआरएमखाली (डिस्प्ले आणि ग्राफिक्स सांभाळणारा भाग) पॅनलचे, म्हणजे स्क्रीनचे, जे ड्रायव्हर असतात त्यातल्या एका छोट्या ड्रायव्हरवर गेला दीड महिना काम करतोय, रोज रात्री जेवणं आवरली की तास-दोन तास. सात इंची एमआयपीआय डीएसआय (स्क्रीनला चित्र आणि कमांड पाठवायची जोडणी) डिस्प्ले आहे, जुन्या प्रोजेक्टमधला बोर्ड आणि पॅनल माझ्याकडेच राहिलाय त्यामुळे टेस्ट करायला खरं हार्डवेअर आहे. फाइल साडेसहाशे ओळींची, बरीच जुनी. पॅनल चालू करणाऱ्या प्रिपेअर फंक्शनमधे दीडशेच्या वर कमांड एकाखाली एक ओतलेल्या, त्या सगळ्या राइट_सेक नावाच्या मॅक्रोने पाठवलेल्या. पॅनलला वीज देणारे रेग्युलेटर दोन, ते वेगवेगळे चालू केलेले. वर प्रिपेअर्ड आणि एनेबल्ड असे दोन फ्लॅग ड्रायव्हर स्वतःच सांभाळतोय. मेमरी डेव्हएम_केझॅलॉकने घेतलेली आणि एरर सगळे जुन्या डीआरएम_डेव्ह_एररने छापलेले.

मी हे सगळं नव्या पद्धतीत आणलं, म्हणजे रिफॅक्टर केलं, काम तेच ठेवून मांडणी बदलली. राइट_सेकच्या जागी राइट_सेक_मल्टी घातलं, रेग्युलेटर बल्कमधे टाकले (सगळे एकाच कॉलने चालू-बंद), फ्लॅग काढले, डेव्हएम_डीआरएम_पॅनल_अलॉक वापरलं, लॉगिंग डेव्ह_एररवर नेलं, आणि जाता जाता दोन-तीन फंक्शनची नावं बदलली, जागाही बदलल्या. फाइल जवळपास अर्धी झाली. पॅनल व्यवस्थित चालू होतो, बंद होतो, सस्पेंड करून उठवलं तरी येतो. मग एकच पॅच (बदलांचा एक संच) करून मेलिंग लिस्टवर पाठवला.

चार दिवसांनी मेंटेनरचं, म्हणजे तो कोड सांभाळणाऱ्यांचं, उत्तर आलं, भाषा सभ्य होती, पण मतितार्थ असा की हा पॅच वाचता येत नाही, एका पॅचमधे एकच बदल ठेवा, आणि निदान दोन ठिकाणी ड्रायव्हरची वागणूक बदललेली दिसते जी कमिट मेसेजमधे, म्हणजे पॅचसोबतच्या वर्णनात, कुठेच सांगितलेली नाही.

आता तीन गोष्टी विचारायच्यात. एक, एवढा गुंता झालेला पॅच सोडवायचा कसा, सगळे बदल एकमेकांत अडकलेत. दोन, वागणूक बदलली म्हणजे काय, माझ्या टेबलावर तर पॅनल चालतोय. आणि तीन, ऑफिसमधे एका सीनियरला हे सांगितलं तर तो म्हणाला क्लीनअपला कोणी विचारत नाही, नवं फीचर लिही. खरंच असं आहे का? कारण मला हे काम मनापासून आवडलंय आणि पुढे करत राहायचंय.

रात्रपाळी

मित्रा, पहिली गोष्ट, चार दिवसांत उत्तर आलं आणि त्यात नेमक्या चुका दाखवल्या म्हणजे कोणीतरी तुझा पॅच खरंच बसून वाचलाय. ज्याला काम नकोच असतं तो उत्तर देत नाही. तेव्हा खट्टू होऊ नकोस.

गुंता सोडवायची पद्धत सांगतो, मी स्वतः हीच वापरतो. आत्ताची ब्रांच आहे तशी ठेव, तिला हात लावायचा नाही, ते तुझं पोचायचं ठिकाण आहे. डीआरएम-मिस्क-नेक्स्टच्या (डीआरएमचे नवे बदल जिथे गोळा होतात ती ब्रांच) टोकावरून नवी कोरी ब्रांच काढ, आणि जुन्या ब्रांचमधून एकेक प्रकारचा बदल तिच्यात आण, गिट चेकआउटला पी लावलं की तुकड्यातुकड्याने विचारतं हा घेऊ का तो घेऊ. काही ठिकाणी तुकडे इतके चिकटलेले असतील की हातानेच परत टाइप करावं लागेल, ते कर, कंटाळा करू नकोस, कारण परत टाइप करतानाच आपण काय बदललं ते डोक्यात बसतं. सगळं झाल्यावर दोन्ही ब्रांचचा डिफ काढ. तो रिकामा आला पाहिजे, किंवा जेवढा उरेल तेवढा तू जाणूनबुजून ठेवलेला पाहिजे. मग गिट रिबेसला एक्झेक लावून प्रत्येक कमिटवर मेक चालव, कारण सहा पॅचची मालिका असेल तर सहाच्या सहा टप्प्यांवर कर्नल बिल्डही झाला पाहिजे आणि पॅनलही चालला पाहिजे. शेवटच्या पॅचला सगळं जुळून येतंय म्हणून मधले मोडके ठेवून चालत नाही.

कुठे तोडायचं याची माझी खूण म्हणजे कमिटच्या मथळ्यात "आणि" लिहावंसं वाटलं की तिथे दोन पॅच आहेत.

नुसती नावं आणि जागा बदलल्या त्याचा पॅच एकदम वेगळा ठेव. त्यात आणखी एक सोय आहे. तो पॅच लावायच्या आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल ऑब्जडंपने (मशीन कोड उलगडून दाखवणारं टूल) उघड आणि तुलना कर. नावं आणि क्रम सोडून मशीन कोड तोच निघाला तर कमिट मेसेजमधे तसं लिही. ते एक वाक्य वाचलं की रिव्ह्यू करणाऱ्याचा अर्धा तास वाचतो.

आता वागणूक. कोड बघितला नाहीये, पण तुझ्या वर्णनावरून एक जागा लगेच ओळखता येते, रेग्युलेटर. जुन्या कोडमधे आधी आयओ सप्लाय चालू, मग काही मिलिसेकंद थांबून ॲनालॉग सप्लाय चालू, असा क्रम होता ना? बल्क एनेबल क्रम पाळत नाही. आत बघशील तर प्रत्येक रेग्युलेटर असिंक शेड्यूल होतो, म्हणजे सगळे साधारण एकदमच सुरू होतात. बंद करताना उलट्या क्रमाने करतो, पण चालू करताना तशी हमी नाही. आणि मधलं थांबणं तर गेलंच. पॅनलच्या डेटाशीटमधे पॉवर सीक्वेन्सची आकृती असेल ती काढ, तिथे दोन सप्लायमधे किती अंतर लागतं ते लिहिलेलं असतं. अंतर लागत असेल तर तिथे बल्क वापरायचंच नाही, जुनाच कोड बरोबर होता.

तुझ्याकडे चालतंय कारण बहुतेक तुझ्या बोर्डावर दोन्ही सप्लाय कायम चालूच असणार. डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन असलेली फाइल, बघून सांग.

गोदाकाठ

रात्रपाळी दादांनी कसं करायचं ते नीट सांगितलंय, मी जरा ते का करायचं त्यावर लिहितो कारण मी याची झळ सोसलीय.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट, तेव्हाच्या नोकरीत आम्ही एका मशीनच्या कंट्रोल पॅनलवर कर्नल अपग्रेड केला आणि शंभरातल्या चार-पाच युनिटवर स्क्रीन काळी, बाकी सगळीकडे व्यवस्थित. बॅकलाइट लागतो, चित्र नाही. हार्डवेअरवाले म्हणतात सॉफ्टवेअर, आम्ही म्हणतो केबल बघा. शेवटी गिट बायसेक्ट लावला, दोष कुठल्या कमिटमुळे आला ते शोधणारं साधन. एका कर्नल रिलीजमधे तेरा-चौदा हजार कमिट असतात, दरवेळी निम्मे करत गेलं तर चौदा पायऱ्यांत सापडायला हवं. पण आमचा दोष प्रत्येक बूटला दिसायचा नाही, म्हणून प्रत्येक पायरीवर तीस-तीस वेळा पॉवर बंद-चालू करायचो आणि वहीत काळी, ठीक, ठीक, काळी अशी नोंद करायचो. त्यात मधले तीन कमिट बिल्डच होईनात, ते स्किप करावे लागले. दीड दिवसाने बायसेक्टने बोट ठेवलं ते आमच्याच इन-हाऊस शाखेतल्या एका कमिटवर, मथळा होता "क्लीनअप", वर्णन एक ओळ, बदल नऊशे ओळींचा.

त्या नऊशे ओळींत दोष कुठे हे शोधायला पुढे आणखी दोन दिवस गेले. पॅनलला झोपेतून उठवणाऱ्या स्लीप-आउट कमांडनंतर १२० मिलिसेकंद थांबायचं ते कोणीतरी २० केलं होतं, बहुधा कोड इकडून तिकडे हलवताना. बहुतेक पॅनल ते सहन करायचे, एका बॅचचे करायचे नाहीत, आणि ते पण थंडीत. तोच बदल जर तीस ओळींच्या पॅचमधे असता तर बायसेक्ट संपला त्या मिनिटाला उत्तर डोळ्यासमोर होतं.

म्हणून मी माझ्या टीममधे कळकळीने सांगतो की पॅच पुढे कधीतरी रात्री दोन वाजता बायसेक्ट करत बसलेल्या माणसासाठी लिहायचा. त्याला आपण ओळखत नाही, त्याचं हार्डवेअर आपल्याकडे नाही, आणि तेव्हा आपण उत्तर द्यायला तिथे असू असंही नाही.

अजिंक्य, तुझ्या पॅचमधे सगळी एमस्लीप (काही मिलिसेकंद थांबायच्या ओळी) एकदा कागदावर लिहून काढ, आधी किती होती कुठे होती, नंतर किती आहेत कुठे आहेत. मी आता दरवेळी हे करतो.

अजिंक्यतारा_९८

खूप खूप आभार दोघांचे. रात्रपाळी दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. डिव्हाइस ट्री उघडून बघितली तर माझ्या बोर्डावर दोन्ही रेग्युलेटर फिक्स्ड प्रकारचे आणि ऑलवेज-ऑन लावलेले आहेत, म्हणजे माझ्याकडे तो क्रम कधी टेस्टच झाला नाही. दीड महिना मी समजत होतो की हार्डवेअरवर टेस्ट केलंय. डेटाशीटमधे दोन सप्लायमधे किमान ५ मिलिसेकंद हवेत असं स्पष्ट आहे. बल्क काढून टाकला.

गोदाकाठ दादा, एमस्लीपची यादी केली. आधी नऊ होत्या, आता आठ. जी गेली ती रेग्युलेटरमधलीच. बाकी जागच्या जागी आहेत.

पण मेंटेनर दोन ठिकाणं म्हणालेत. दुसरं मला सापडत नाहीये. पॅनल बंद करणारा जुना अनप्रिपेअर असा होता की डिस्प्ले-ऑफ कमांड पाठवायची, एरर आला तर छापायचा, मग एंटर-स्लीप पाठवायची, त्यात एरर आला तर तोही छापायचा, मग रिसेट खाली, रेग्युलेटर बंद. मी तिथे फक्त मल्टीवाली फंक्शनं घातली, डिस्प्ले-ऑफ-मल्टी, एमस्लीप, एंटर-स्लीप-मल्टी, आणि एरर छापायच्या ओळी काढल्या कारण मल्टीवाली स्वतःच छापतात. तेवढंच केलंय. यात काय बदललं?

रात्रपाळी

तिथेच आहे ते. आणि हे छान उदाहरण आहे म्हणून सावकाश लिहितो.

मल्टी फंक्शनांची कल्पना काय आहे बघ. एक कॉन्टेक्स्ट स्ट्रक्चर असतं, त्यात डीएसआय डिव्हाइसचा पॉइंटर आणि अक्युम_एर नावाचा एक इंटिजर. प्रत्येक मल्टी फंक्शन सुरुवातीला अक्युम_एर बघतं, तो शून्य नसेल तर काहीही न करता परत येतं. म्हणजे दीडशे कमांडच्या सीक्वेन्समधे सातवी कमांड फसली तर आठवीपासून पुढच्या सगळ्या आपोआप गप्प, शेवटी एकदाच अक्युम_एर तपासायचा. दरवेळी इफ-रेट-रिटर्न लिहायला नको. पॅनल चालू करताना आपल्याला हेच हवं असतं, एक कमांड गेली नाही तर पुढच्यांना अर्थ नाही.

बंद करताना मात्र उलटं असतं. जुना कोड डिस्प्ले-ऑफ फसली तरी एंटर-स्लीप पाठवायचा प्रयत्न करत होता. जे जमेल तेवढं तरी बंद करावं, हा हिशेब. तुझ्या नव्या कोडमधे डिस्प्ले-ऑफ फसली की अक्युम_एरमधे एरर बसला, मग मधली मल्टीवाली एमस्लीप पण गाळली जाते आणि एंटर-स्लीप जातच नाही, सरळ रिसेट आणि रेग्युलेटर बंद. दिसायला ओळीला ओळ जुळते, डिफ वाचताना कोणालाही निरुपद्रवी वाटेल, आणि एरर आल्याशिवाय फरक दिसणार नाही, म्हणून तुझ्या टेबलावर कधीच दिसला नाही.

उपाय सोपा, दोन कमांडच्या मधे अक्युम_एर परत शून्य कर आणि वर एक ओळीची कॉमेंट लिही की बंद करताना एररकडे बघून थांबायचं नाहीये. किंवा तुला वाटत असेल की गाळलेलंच बरं, तर तसं ठेव, पण मग कमिट मेसेजमधे सांग. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. वागणूक बदलायला कोणाचीच हरकत नसते, ती न सांगता बदलायला असते.

आता याच्या दुसऱ्या टोकाला तुझ्या जुन्या कोडमधे एक खरा बग आहे, तो बघितलास का? जुन्या राइट_सेक मॅक्रोच्या पोटात रिटर्न लपलेला होता. कमांड फसली की मॅक्रो ज्या फंक्शनमधे लिहिलाय तिथूनच तो फंक्शनच्या बाहेर पडतो. वाचणाऱ्याला ओळीत कुठेही रिटर्न दिसत नाही. तुझ्या ड्रायव्हरमधे त्या सगळ्या कमांड थेट प्रिपेअरमधे आहेत म्हणालास, आणि प्रिपेअरने त्याआधी रेग्युलेटर चालू केलेले असतात. म्हणजे मधे एक कमांड फसली की प्रिपेअर एरर देऊन निघून जातं आणि रेग्युलेटर चालूच राहतात. कोणीच बंद करत नाही, कारण प्रिपेअर झालंच नाही म्हटल्यावर अनप्रिपेअर कोण बोलावणार.

हा बग रिफॅक्टरच्या पोटात बुजवून टाकू नकोस. सीक्वेन्स वेगळ्या फंक्शनमधे काढ, त्याचा एरर प्रिपेअरमधे बघ, आला तर रिसेट खाली आणि रेग्युलेटर बंद. एवढाच छोटा पॅच, मालिकेत सगळ्यात पहिला, फिक्सेस टॅग (कुठल्या जुन्या कमिटमधला दोष दुरुस्त होतोय ते सांगणारी ओळ) लावून. मग तो आधीच रिलीज झालेल्या जुन्या स्टेबल कर्नलमधे पण नेता येतो. मल्टीच्या रूपांतरात मिसळलास तर तिकडे नेणं अवघड, कारण जुन्या स्टेबलमधे मल्टी फंक्शनं नाहीतच, ती २०२४ मधे आली.

सांगलीची_मीनल

चर्चा वाचून राहवलं नाही. मी डिस्प्लेवरच काम करते पण पॅनलवर कमी, ब्रिज (एका प्रकारचा डिस्प्ले सिग्नल दुसऱ्यात बदलणारी चिप) आणि मेन ड्रायव्हरवर जास्त. अजिंक्य, तू डेव्हएम_डीआरएम_पॅनल_अलॉकवर गेलास ते चांगलं केलंस, फक्त ते का करतात हे तुझ्या कमिट मेसेजमधे येऊ दे. "नवीन एपीआय वापरली" हे कारण होत नाही.

खरं कारण आयुष्याचं आहे, कोण आधी मरतं आणि कोण मागे उरतं. डेव्हएम_केझॅलॉकची मेमरी डिव्हाइस ड्रायव्हरपासून सुटलं की लगेच मोकळी होते. पण पॅनलचा पॉइंटर मेन डिस्प्ले ड्रायव्हरने किंवा ब्रिजने धरून ठेवलेला असू शकतो, त्याला काहीच कल्पना नाही की पलीकडे मेमरी गेली. मग तो त्या पत्त्यावर हात घालतो आणि यूज-आफ्टर-फ्री. नव्या पद्धतीत पॅनलला रेफरन्स काउंट असतो, शेवटचा धरणारा सोडेल तेव्हाच मेमरी जाते. हे २०२५ मधे आलं आणि अजून पूर्ण झालेलं नाही, धरणाऱ्यांनी पण रेफरन्स घ्यायला हवा, ते काम एकेक ड्रायव्हर करत चाललंय.

मोठ्या प्रमाणात हाच प्रश्न अख्ख्या डीआरएम डिव्हाइसला आहे. यूएसबीवर चालणारा डिस्प्ले ॲडॉप्टर घे, यूडीएल ड्रायव्हरवाला. वापरणाऱ्याने केबल उपटली, हार्डवेअर गेलं, पण डेस्कटॉपच्या कंपोझिटरने (सगळ्या खिडक्या मिळून चित्र बनवणारा प्रोग्रॅम) कार्डची डिव्हाइस फाइल उघडी धरलेली आहे, तो अजून आयओसीटीएल, म्हणजे ड्रायव्हरला विनंत्या, पाठवतोय. तेव्हा हार्डवेअरशी बांधलेल्या गोष्टी, म्हणजे इंटरप्ट, रजिस्टरचं मॅपिंग वगैरे, डिव्हाइसबरोबर जायला हव्यात, आणि युझरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमना, दिसणाऱ्या गोष्टी, सीआरटीसी, प्लेन, कनेक्टर, या शेवटची फाइल बंद होईपर्यंत जिवंत राहायला हव्यात. त्यासाठीच २०२० मधे डीआरएमएम नावाने सुरू होणारी फंक्शनं आली. मला हे समजायला बराच काळ लागला होता, आता कुठलाही डेव्हएम दिसला की मी आधी विचारते हा कोणाबरोबर जाणार.

आणि एक अगदी बारीक पण हमखास होणारी चूक. डेव्हएम_केझॅलॉक फसलं तर नल देतं. डेव्हएम_डीआरएम_पॅनल_अलॉक नल देत नाही, एरर पॉइंटर देतं. तुझ्या प्रोबमधे (डिव्हाइस सापडल्यावर ड्रायव्हरचं पहिलं चालणारं फंक्शन) अजून "इफ नॉट सीटीएक्स रिटर्न मायनस ईनोमेम" असंच असेल तर ती तपासणी कधीच लागणार नाही. इझ_एर कर आणि पीटीआर_एर परत दे. शिवाय आधीची डीआरएम_पॅनल_इनिटची ओळ काढ, नवं फंक्शन ते स्वतःच करतं. मी तुझ्या जागी असते तर दोन्ही आत्ता उघडून बघितलं असतं.

मांडवीकाठ

मी पणजीचा, कर्नल सोडून बरीच वर्षं झाली पण डीआरएमच्या मेल अजून वाचतो. बाकीच्यांनी कोडवर लिहिलंय, मी तुझ्या तिसऱ्या प्रश्नावर लिहितो कारण तो मला जास्त महत्त्वाचा वाटला. क्लीनअपला कोणी विचारत नाही हे निदान या सबसिस्टिमबद्दल धादांत चूक आहे.

कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमधे जीपीयू फोल्डरखाली टूडू नावाची फाइल आहे ती उघडून वाच. डीआरएमच्या लोकांनी स्वतः लिहून ठेवलंय की आमच्याकडे कुठला कुठला रिफॅक्टर राहिलाय, प्रत्येकाला पातळी दिलीय, स्टार्टरपासून एक्स्पर्टपर्यंत. नव्या माणसाने कुठून सुरुवात करावी याचं उत्तरच ते आहे. तू फ्लॅग काढलेस ना, प्रिपेअर्ड आणि एनेबल्ड, ते पण असंच सार्वत्रिक काम होतं, २०२३ मधे ते डीआरएमच्या पॅनल कोअरमधे आलं म्हणून ड्रायव्हरांनी वेगळं ठेवायची गरज संपली.

आता मोठं उदाहरण. एएमडीने २०१६ च्या सुरुवातीला त्यांच्या नव्या कार्डांसाठी डिस्प्लेचा प्रचंड कोड दाखवला, तेव्हा त्याला डाल म्हणायचे. सगळ्यांना तो हवा होता, नव्या कार्डांवर एचडीएमआयचा आवाज, फ्रीसिंक वगैरे सगळं त्याच्यावर अवलंबून. पण तो कोड वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालावा म्हणून मधे एक जाड थर टाकून लिहिलेला होता. डिसेंबर २०१६ मधे डीआरएमचे मेंटेनर डेव्ह एअरली यांनी स्पष्ट नाही म्हटलं, असा थर कर्नलमधे घेणार नाही, कारण उद्या डीआरएमच्या गाभ्यात काही बदलायचं झालं तर या थराच्या आडचं कोणाला बदलता येणार नाही. तेव्हा बराच वाद झाला. पण एएमडीच्या लोकांनी मग वर्षभर बसून तो कोड सोलून काढला, थर पातळ केले, ॲटॉमिक मोडसेटिंगच्या (डिस्प्लेचे सगळे बदल एकदम लावायची पद्धत) डीआरएमच्या स्वतःच्या रचनेत बसवला, आणि डीसी या नावाने तो ४.१५ मधे आला, जो जानेवारी २०१८ ला रिलीज झाला. लाखाच्या वर ओळी होत्या तरी. आज एएमडीची नवी कार्डं लिनक्सवर पहिल्या दिवसापासून चित्र दाखवतात त्याच्या मागे ते वर्षभराचं सोलणं आहे. त्याला फीचर म्हणायचं की क्लीनअप?

इंटेलचं पण तसंच. नवा एक्सई ड्रायव्हर ६.८ मधे आला, पण डिस्प्लेचा भाग त्यांनी परत लिहिला नाही, जुन्या आय९१५ चाच डिस्प्लेचा कोड दोन्ही ड्रायव्हरमधे कंपाइल होतो. ते नीट जमावं म्हणून त्या कोडमधे जिथे जिथे आय९१५ चं मोठं स्ट्रक्चर हाताळलं जायचं तिथे इंटेल_डिस्प्ले हे वेगळं स्ट्रक्चर आणायचं काम ते लोक छोट्या छोट्या पॅचने करत आलेत, एका वेळी एक फाइल. वाचायला घेतलं तर कंटाळवाणं वाटेल. पण लावणीसारखं काम आहे ते, एकेक रोप हातानेच लावावं लागतं.

आणि जुनं काढणंही काम आहे. डीआरआय१ च्या काळातले ड्रायव्हर, व्हूडू कार्डाचा, मॅट्रॉक्सचा, सॅव्हेजचा, रेज १२८ चा, हे सगळे ६.३ मधे २०२३ ला काढले. ते काढल्यावर गाभ्यातला त्यांच्यापुरता जपलेला कोडही सोडता आला. माझ्या पहिल्या पीसीत त्यातलंच एक कार्ड होतं, तरी वाटतं की योग्य केलं.

हार्डवेअर नसलं म्हणून पण अडत नाही. व्हीकेएमएस म्हणून आभासी डिस्प्लेचा ड्रायव्हर आहे, २०१८ मधे ४.१९ ला आला, तो इंटर्नशिपवर आलेल्या मुलामुलींनी उभा केलाय. त्याच्यावर आयजीटीच्या (डीआरएम ड्रायव्हर तपासायचा संच) टेस्ट चालवता येतात, नुसत्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमधे. पॅनलच्या कामाला तो उपयोगी नाही, पण पुढे गाभ्यात काही करावंसं वाटलं तर तिथून सुरुवात कर. तुझ्या सीनियरला टूडूची फाइल दाखव, वाद घालू नकोस.

अजिंक्यतारा_९८

मंडळी, काय बोलू, चार दिवसांत दीड महिन्यापेक्षा जास्त शिकलो. मांडवीकाठ काका, टूडू फाइल काल रात्री पूर्ण वाचली, दोन कामं बाजूला काढून ठेवलीत. मीनलताई, तुम्ही म्हणालात ती तपासणी नेमकी चुकीची होती, नलच तपासत होतो, बदललं.

फ्लॅग काढण्याच्या पॅचमधे पण एक गोष्ट सापडली. ड्रायव्हरच्या शटडाऊनमधे पॅनल स्वतःच डिसेबल आणि अनप्रिपेअर करत होता, आणि फ्लॅग होते म्हणून दोनदा झालं तरी चालून जायचं. आता ते काढायचं तर मेन डिस्प्ले ड्रायव्हर शटडाऊनच्या वेळी ॲटॉमिक हेल्पर शटडाऊन बोलावतो की नाही ते बघावं लागतं. माझ्या बोर्डाचा बोलावतो, पण हा पॅनल दुसऱ्या एका एसओसीच्या (बोर्डावरची मुख्य चिप) डिव्हाइस ट्रीमधे पण आहे. त्याचाही ड्रायव्हर शोधून वाचला, तोही बोलावतो. ते दोन्ही कमिट मेसेजमधे लिहिलंय.

नवी मालिका अशी लावलीय. पहिला, एरर आल्यावर रेग्युलेटर चालू राहायचे तो फिक्स, फिक्सेस टॅगसकट. दुसरा, लॉगिंग डेव्ह_एररवर. तिसरा, मल्टी फंक्शनं, आणि अनप्रिपेअरमधे अक्युम_एर शून्य करून, कॉमेंट टाकून. चौथा, फ्लॅग आणि शटडाऊन. पाचवा, पॅनल_अलॉक. सहावा, नावं आणि जागा, त्याची ऑब्जडंपची तुलना केली, नावं सोडून फरक नाही. बल्क पूर्ण वगळला. दोन्ही ब्रांचचा डिफ काढला तर उरतो तो रेग्युलेटर, अक्युम_एर, मीनलताईंनी सांगितलेली तपासणी आणि पहिल्या पॅचमधलं एररनंतर बंद करणं, एवढंच. सहाही टप्प्यांवर बिल्ड केलं, बोर्डावर चढवून प्रत्येकी वीस वेळा पॉवर बंद-चालू केलं आणि वहीत लिहिलं. कव्हर लेटरमधे स्पष्ट टाकलंय की माझ्या बोर्डावर रेग्युलेटर कायम चालू असतात त्यामुळे पॉवरचा क्रम माझ्याकडे टेस्ट होत नाही.

आज रात्री पाठवू का? आरसी ६ (कर्नल रिलीजच्या आधीची सहावी चाचणी आवृत्ती) येऊन गेलाय म्हणून जरा घाई वाटतेय.

सांगलीची_मीनल

घाईचं कारण नाही. डीआरएम-मिस्क-नेक्स्ट वर्षभर उघडाच असतो, मर्ज विंडोतसुद्धा (रिलीजनंतर मुख्य कर्नलमधे नवे बदल घेतात तो काळ). आरसी ६ च्या सुमाराला फक्त एवढं होतं की त्यानंतर आलेलं या येणाऱ्या रिलीजमधे जात नाही, पुढच्यात जातं. तुझा पहिला पॅच फिक्स आहे, तो मेंटेनरला वाटलं तर ते फिक्सेसमधून वेगळा नेतील, म्हणूनच तो पहिला आणि एकटा उभा राहणारा हवा होता, तसा आहे.

पण दुसऱ्या आणि तिसऱ्याची अदलाबदल कर. मल्टी फंक्शनं एरर स्वतः छापतात, म्हणजे लॉगिंगच्या पॅचमधे तू ज्या ओळी डेव्ह_एररवर नेल्यास त्यातल्या बऱ्याच पुढच्याच पॅचमधे उडतायत. रिव्ह्यू करणारा आधी त्या बदललेल्या बघणार आणि लगेच पुसलेल्या. मल्टी आधी आणलंस तर लॉगिंगचा पॅच पाच-सात ओळींचा उरेल. क्रम बदलताना कॉन्फ्लिक्ट येतील, ते सोडवल्यावर या दोन टप्प्यांची बोर्डावरची टेस्ट परत करावी लागेल, बाकी चारांचं नुसतं बिल्ड बघ.

आणि व्ही१ पासून, म्हणजे पहिल्यांदा पाठवलेल्या पॅचपासून, काय बदललं ते कव्हर लेटरमधे लिहिताना ज्या मेंटेनरने ती दोन ठिकाणं दाखवली त्यांचे आभार मान, आणि दोन्ही ठिकाणी नेमकं काय सापडलं ते एकेका वाक्यात लिही. आठ-दहा दिवस वाट बघ, मग हवं तर पिंग कर. पाठवलंस की इथे टाक, मी पाचवा पॅच वाचते.